तीन बिंदूंतून जाणारे वर्तुळ

१. न दिसणारे केंद्र

आगगाडीचा मार्ग जेथे वळतो तेथे रूळ बहुधा एखाद्या वर्तुळाच्या कंसावर बसविलेले असतात. ते संपूर्ण वर्तुळ मात्र कोणीही पाहिलेले नसते. आपल्यापुढे त्याचा एक लहानसा तुकडा तेवढा असतो. उरलेले वर्तुळ शेतांतून, वस्तीतून किंवा डोंगराच्या पोटातून गेले असते, अशी केवळ कल्पना करावयाची. त्याचे केंद्र तर याहूनही दुर्गम असते. ते एखाद्या टेकडीच्या कातळात असेल, नदीच्या पात्रात असेल किंवा दरीवरील मोकळ्या हवेत असेल. तेथे खुंटी ठोकून दोरी फिरविण्याची सोय नसते.

असे असूनही त्या वर्तुळाची त्रिज्या किती, हे मार्गाची देखभाल करणाऱ्यांना नेमके ठाऊक असावे लागते. गाडी वळणावर आली की तिचा भार बाहेरच्या रुळावर अधिक पडू लागतो. तो दोन्ही रुळांवर सारखा पडावा म्हणून बाहेरचा रूळ आतील रुळापेक्षा उंच बसवितात. ही उंची किती असावी हे गाडीचा वेग आणि वळणाची त्रिज्या यांवरून ठरते. भारतातील रुंदमापी मार्गावर दोन रुळांच्या मध्यांमधील अंतर सुमारे १.७५ मीटर असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा भार ५०० मीटर त्रिज्येच्या वळणावर दोन्ही रुळांवर सारखा राहावयाचा असेल, तर बाहेरचा रूळ सुमारे १० सेंटिमीटर उंच असावा लागतो. त्रिज्या ४०० मीटर असेल तर हीच उंची १२ सेंटिमीटरांहून अधिक होते. त्रिज्येत चूक झाली की उंचीत चूक होते. मग रूळ व चाके वाजवीपेक्षा अधिक झिजतात, प्रवाशांना हिसके बसतात, आणि चूक मोठी असेल तर गाडीच्या सुरक्षिततेलाच बाध येतो.

केंद्र हाती नाही, त्रिज्या ठाऊक नाही, आणि परिघावरील काही बिंदू तेवढे मोजता येतात. एवढ्या सामग्रीवरून संपूर्ण वर्तुळ शोधून काढावयाचे आहे. हे कसे साधते आणि ते करताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे. माध्यमिक शाळेतील बीजगणित व भूमिती यांपलीकडे दुसरे कोणतेही ज्ञान त्यासाठी लागणार नाही. वाचकाने आलेखपत्र व पेन्सिल घेऊन बसावे आणि पुढील प्रत्येक पायरी स्वतः करून पाहावी.

२. किती बिंदू पुरेत?

कागदावर एकच बिंदू घेतला तर त्यातून वाटेल तितकी वर्तुळे काढता येतात. कोणतेही दुसरे ठिकाण केंद्र मानावे, तेथपासून त्या बिंदूपर्यंतचे अंतर त्रिज्या म्हणून घ्यावे, म्हणजे वर्तुळ सिद्ध झाले.

दोन बिंदू घेतले तर हे स्वातंत्र्य कमी होते. केंद्र दोन्ही बिंदूंपासून सारख्याच अंतरावर असले पाहिजे. अशी सर्व ठिकाणे त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाच्या लंबदुभाजकावर असतात. म्हणजे केंद्र आता वाटेल तेथे घेता येत नाही. तथापि त्या रेषेवर ते कोठेही सरकू शकते, आणि म्हणून दोन बिंदूंतूनही अगणित वर्तुळे जातात.

आता तिसरा बिंदू घ्यावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाचाही लंबदुभाजक काढावा. केंद्र या दोन्ही लंबदुभाजकांवर असले पाहिजे. दोन रेषा परस्परांना छेदत असतील तर त्या एकाच बिंदूत छेदतात. तोच केंद्रबिंदू होय, आणि त्याखेरीज दुसरा असू शकत नाही. यावरून निष्कर्ष असा की, एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच वर्तुळ जाते.

हा विचार फार जुना आहे. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास होऊन गेलेल्या युक्लिडच्या ग्रंथातील चौथ्या भागात त्रिकोणाभोवती वर्तुळ काढण्याची हीच रीत दिली आहे. वर्तुळाचा तुकडा दिला असता संपूर्ण वर्तुळ कसे काढावे, हा प्रश्नही त्याने तिसऱ्या भागात सोडविला आहे. जयपूरचे महाराज सवाई जयसिंह यांच्या आश्रयाने पंडित जगन्नाथ यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या ग्रंथाचे ‘रेखागणित’ या नावाने संस्कृत रूपांतर केले.

परंतु कागदावर कंपासाने काढलेली आकृती रेल्वेच्या वळणाच्या कामी फारशी पडत नाही. पाचशे मीटर त्रिज्येचे वर्तुळ कंपासाने काढता येत नाही, आणि कागदावर ते लहान प्रमाणात काढले तर पेन्सिलीच्या रेषेची जाडी हीच कित्येक मीटरांची चूक होऊन बसते. येथे भूमितीला बीजगणिताचा आधार घ्यावा लागतो. आकृतीचे समीकरणात रूपांतर करण्याची ही युक्ती रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञ गणितज्ञाने १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे विद्वानांत रूढ झाली.

३. वर्तुळाचे समीकरण

आलेखपत्रावर एक आडवी व एक उभी अशा दोन रेषा काढू. आडवी रेषा हा क्ष-अक्ष आणि उभी रेषा हा य-अक्ष. कोणत्याही बिंदूचे स्थान दोन संख्यांनी सांगता येते. उभ्या अक्षापासून तो किती दूर आहे ही पहिली संख्या, आणि आडव्या अक्षापासून किती दूर आहे ही दुसरी. उजवीकडील व वरील अंतरे धन, तर डावीकडील व खालील अंतरे ऋण मानतात.

आता असे समजा की वर्तुळाचे केंद्र (ह, क) येथे आहे आणि त्याची त्रिज्या त आहे. परिघावरील कोणत्याही (क्ष, य) या बिंदूचे केंद्रापासूनचे अंतर त इतकेच असते. पायथागोरसच्या सिद्धांतावरून

(क्ष − ह)² + (य − क)² = त²

हे वर्तुळाचे समीकरण झाले. जो बिंदू हे समीकरण पाळतो तो परिघावर आहे, जो पाळत नाही तो परिघावर नाही. कंस सोडवून पदे एकत्र केली असता याचे स्वरूप असे होते :

क्ष² + य² − २ह·क्ष − २क·य + (ह² + क² − त²) = ०

यातील −२ह बद्दल ग, −२क बद्दल घ, आणि शेवटच्या कंसाबद्दल च ही अक्षरे लिहू. म्हणजे समीकरण सुटसुटीत होते :

क्ष² + य² + ग·क्ष + घ·य + च = ०

येथे वाचकाने क्षणभर थांबून एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या समीकरणात क्ष आणि य यांचे वर्ग आहेत, म्हणून ते प्रथमदर्शनी अवघड वाटते. परंतु आपल्याला क्ष आणि य शोधावयाचेच नाहीत. परिघावरील बिंदू मोजलेले असल्यामुळे त्यांच्या किमती आपल्याला ठाऊक आहेत. आपल्याला शोधावयाची आहेत ती ग, घ आणि च, आणि त्यांचे वर्ग या समीकरणात कोठेही नाहीत. ज्ञात बिंदूचे निर्देशक ठेवताच या तीन अज्ञात राशींतील एक साधे एकघाती समीकरण मिळते. तीन अज्ञात राशींसाठी तीन समीकरणे लागतात, आणि तीन बिंदू ती पुरवितात. लंबदुभाजकांच्या आकृतीवरून जे कळले होते तेच बीजगणित आपल्या भाषेत सांगत आहे.

४. एक उदाहरण

प (−१, ७), फ (५, ७) आणि म (६, ०) या तीन बिंदूंतून जाणारे वर्तुळ शोधू. प्रत्येक बिंदूचे निर्देशक समीकरणात क्रमाने ठेवले असता पुढील तीन समीकरणे मिळतात :

प वरून : ५० − ग + ७घ + च = ०
फ वरून : ७४ + ५ग + ७घ + च = ०
म वरून : ३६ + ६ग + च = ०

दुसऱ्या समीकरणातून पहिले वजा करू. घ आणि च ही दोन्ही अक्षरे एकदम नाहीशी होतात आणि २४ + ६ग = ० एवढेच उरते. म्हणून ग = −४. ही किंमत तिसऱ्या समीकरणात ठेवली की ३६ − २४ + च = ०, म्हणजे च = −१२. शेवटी पहिल्या समीकरणावरून ५० + ४ + ७घ − १२ = ०, म्हणून घ = −६. इष्ट समीकरण असे :

क्ष² + य² − ४क्ष − ६य − १२ = ०

केंद्र व त्रिज्या काढण्यासाठी पूर्वीचे संबंध उलट वापरावेत. ह = −ग/२ = २, क = −घ/२ = ३, आणि त² = ह² + क² − च = ४ + ९ + १२ = २५. म्हणजे केंद्र (२, ३) आणि त्रिज्या ५. हेच समीकरण (क्ष − २)² + (य − ३)² = २५ असेही लिहिता येईल.

उत्तर बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी लंबदुभाजकांची रीत लावू. प आणि फ हे एकाच आडव्या रेषेवर आहेत. त्यांचा मध्यबिंदू (२, ७), म्हणून लंबदुभाजक ही क्ष = २ ही उभी रेषा होय. फ आणि म यांचा मध्यबिंदू (५.५, ३.५). फम या रेषेचा चढ −७ असल्यामुळे तिच्यावरील लंबाचा चढ १/७ आहे. मध्यबिंदूपासून डावीकडे ३.५ सरकून क्ष = २ या रेषेपर्यंत आलो तर आपण ०.५ खाली उतरतो, आणि य = ३ मिळते. केंद्र पुन्हा (२, ३) हेच आले.

५. दुसरी वाट

हेच उत्तर आणखी एका रीतीने मिळते. ती रीत दोन बिंदूंतून जाणाऱ्या सर्व वर्तुळांचा एकदमच विचार करते. पफ हा रेषाखंड व्यास मानून काढलेल्या वर्तुळाचे समीकरण असे असते :

(क्ष + १)(क्ष − ५) + (य − ७)² = ०

प आणि फ यांतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण य − ७ = ० आहे. त्याच्या डाव्या बाजूला ल या कोणत्याही संख्येने गुणून तो गुणाकार वरील समीकरणात मिळविला, तर

(क्ष + १)(क्ष − ५) + (य − ७)² + ल(य − ७) = ०

असे समीकरण होते. प किंवा फ यांचे निर्देशक यात ठेवले की प्रत्येक पद शून्य होते. म्हणून ल ची किंमत कोणतीही असो, हे वर्तुळ त्या दोन बिंदूंतून जाणारच. ल बदलत गेल्यास केंद्र लंबदुभाजकावर सरकत जाते. आता म (६, ०) हा तिसरा बिंदू ठेवू : ७ × १ + ४९ − ७ल = ०, म्हणून ल = ८. ही किंमत घालून पदे एकत्र केली की पूर्वीचेच समीकरण मिळते. दोन बिंदूंनी वर्तुळांचे एक कुटुंब दाखविले, आणि तिसऱ्याने त्या कुटुंबातील एकाची निवड केली.

६. चौथ्या बिंदूची साक्ष

तीन बिंदू वर्तुळ ठरवितात. चौथ्याला त्यात काहीही ठरविण्याचा अधिकार उरत नाही. तो केवळ साक्ष देतो. (−२, ६) हा बिंदू घ्या. डाव्या बाजूची किंमत ४ + ३६ + ८ − ३६ − १२ = ० येते. हा बिंदू त्याच वर्तुळावर आहे. आता (७, ४) घ्या. ४९ + १६ − २८ − २४ − १२ = १. शून्य आले नाही, म्हणून हा बिंदू परिघावर नाही.

ही किंमत आणखीही काही सांगते. ती केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग उणे त्रिज्येचा वर्ग एवढी असते. म्हणून ती धन असेल तर बिंदू वर्तुळाबाहेर, आणि ऋण असेल तर वर्तुळाच्या आत असतो. (७, ४) या बिंदूचे केंद्रापासून अंतर २६ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ५.१ आहे. तो परिघाच्या किंचित बाहेर आहे.

चौथ्या बिंदूची ही साक्ष व्यवहारात फार मोलाची आहे. एका रेषेत नसलेले कोणतेही तीन बिंदू घेतले तरी वर्तुळ हे मिळणारच. ते बिंदू खरोखरच वर्तुळाकार वस्तूवरील आहेत की नाहीत, याचा पडताळा त्या तिघांवरून कधीही होत नाही. एखादा मार्ग किंवा एखादी कमान वर्तुळाकार आहे असे म्हणावयाचे असेल तर निदान चौथा बिंदू तपासल्यावाचून तसे म्हणू नये.

७. बिंदू एका रेषेत आले तर

आतापर्यंत ‘एका रेषेत नसलेले’ ही अट आपण वारंवार घातली. ती मोडली तर काय होते ते पाहू. (०, १), (१, ३) आणि (२, ५) हे तीन बिंदू एकाच रेषेवर आहेत. त्यांवरून मिळणारी समीकरणे अशी :

१ + घ + च = ०
१० + ग + ३घ + च = ०
२९ + २ग + ५घ + च = ०

दुसऱ्यातून पहिले वजा केल्यास ९ + ग + २घ = ०, आणि तिसऱ्यातून दुसरे वजा केल्यास १९ + ग + २घ = ० मिळते. या दोहोंची वजाबाकी केली तर १० = ० असे अशक्य विधान हाती येते. याचा अर्थ असा की, असे वर्तुळ अस्तित्वातच नाही. भूमितीच्या दृष्टीने पाहिल्यास येथे दोन्ही लंबदुभाजक समांतर असतात आणि त्यांचा छेदनबिंदू मिळत नाही.

त्रिज्येचे एक सूत्र हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने दाखविते. तीन बिंदूंनी झालेल्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचा गुणाकार करून त्याला क्षेत्रफळाच्या चौपटीने भागले असता त्रिज्या मिळते. आपल्या पहिल्या उदाहरणात बाजू ६, √५० आणि √९८ आहेत. त्यांचा गुणाकार ४२० होतो. क्षेत्रफळ २१ आहे. ४२० ÷ ८४ = ५, ही आपली त्रिज्या. बिंदू एका रेषेत आले की क्षेत्रफळ शून्य होते, आणि शून्याने भागता येत नाही.

बिंदू नेमके एका रेषेत नसले, तथापि जवळजवळ रेषेत असले, तर भाजक शून्य होत नाही पण फार लहान होतो. लहान भाजकातील यत्किंचित चूक भागाकारात मोठी होऊन उमटते. रेल्वेच्या वळणावर आपल्यापुढे नेमकी हीच अडचण उभी राहते. अशा वळणाचा लहानसा तुकडा नुसत्या डोळ्यांना सरळ रेषेसारखाच दिसतो.

८. धनुष्य, दोरी आणि बाण

वळणाची त्रिज्या मोजण्याची भारतीय रेल्वेवरील रीत साधी आहे. रुळाच्या कडेवर दहा दहा मीटरांवर खुणा करतात. एका खुणेपासून एक सोडून पुढील खुणेपर्यंत २० मीटरांची दोरी ताणून धरतात, आणि दोरीच्या मध्यापासून रुळाच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरांत मोजतात. या अंतराला रेल्वेच्या परिभाषेत ‘व्हर्साइन’ म्हणतात. आपल्याकडील प्राचीन गणितात याचे नाव ‘शर’ असे आहे. शर म्हणजे बाण. वर्तुळाचा कंस हे धनुष्य, त्याची दोन टोके जोडणारी जीवा ही धनुष्याची दोरी, आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या मध्यापर्यंतचा रेषाखंड हा बाण, अशी ही कल्पना आहे.

येथेही तीन बिंदूंतून जाणारे वर्तुळच शोधावयाचे आहे. दोरीचा मध्य हा आरंभबिंदू आणि दोरी हा क्ष-अक्ष मानू. शराची लांबी श मीटर असेल तर तीन बिंदू (−१०, ०), (१०, ०) आणि (०, श) हे होत. पहिल्या दोहोंवरून ग = ० आणि च = −१०० मिळते. तिसऱ्यावरून श² + घ·श − १०० = ०, म्हणून घ = (१०० − श²)/श. केंद्र य-अक्षावर −घ/२ येथे आहे. तेथपासून (०, श) पर्यंतचे अंतर ही त्रिज्या :

त = ५०/श + श/२

शर १०० मिलिमीटर, म्हणजे ०.१ मीटर भरला, तर त्रिज्या ५०० + ०.०५ = ५००.०५ मीटर होते. ज्या केंद्रापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही ते असे एका दोरीने आणि एका मोजपट्टीने हाती येते.

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथातील गणितपादात हाच संबंध नियमरूपाने सांगितला आहे. जीवेमुळे वर्तुळाचे जे दोन कंस होतात त्यांच्या शरांचा गुणाकार अर्ध्या जीवेच्या वर्गाएवढा असतो, असा तो नियम आहे. आपल्या उदाहरणात एक शर श, दुसरा २त − श, आणि अर्धी जीवा १० मीटर आहे. श × (२त − श) = १०० हे समीकरण सोडविले की वरील सूत्रच मिळते.

या सूत्रातील श/२ हे पद सौम्य वळणावर नगण्य असते, म्हणून कित्येकदा ते सोडून देतात. परंतु सर्वत्र तसे करता येत नाही. १९०३ मध्ये सुरू झालेल्या कालका–शिमला या डोंगरी रेल्वेवरील सर्वांत तीव्र वळण ४८ अंशांचे आहे. याचा अर्थ असा की, तेथे १०० फूट, म्हणजे ३०.४८ मीटर लांबीची जीवा केंद्राशी ४८ अंशांचा कोन करते. या वळणाची त्रिज्या ३७.४७ मीटर असून त्या जीवेचा शर सुमारे ३.२४ मीटर भरतो. येथे दुसरे पद सोडून दिले तर त्रिज्या ३५.८५ मीटर येते, म्हणजे दीड मीटरांहून अधिक चूक होते. संक्षिप्त सूत्र वापरण्यापूर्वी आपण काय सोडून देत आहो, हे प्रत्येक वेळी पाहिले पाहिजे.

९. एका मिलिमीटरचे मोल

मोजमापात चूक होतेच. दोरी वाऱ्याने हलते, रुळाची कडा झिजलेली असते, मोजणाऱ्याची नजर किंचित तिरपी पडते. ५०० मीटर त्रिज्येच्या वळणावर शर मोजताना केवळ एका मिलिमीटरची चूक झाली असे समजू, आणि दोरीच्या लांबीप्रमाणे तिचा परिणाम काय होतो ते पाहू.

दोरी अवघी २ मीटर घेतली तर खरा शर १ मिलिमीटरच भरतो. चुकून तो २ मिलिमीटर वाचला गेला तर त्रिज्या २५० मीटर येईल, आणि शून्य वाचला गेला तर वळणच नाहीसे होऊन मार्ग सरळ ठरेल. दोरी २० मीटर असेल तर १०० ऐवजी १०१ मिलिमीटर वाचल्याने त्रिज्या सुमारे ४९५ मीटर येते. चूक ५ मीटरांची, म्हणजे शेकडा एक झाली. दोरी ४० मीटर घेतली तर शर सुमारे ४०० मिलिमीटर होतो, आणि तेवढ्याच चुकीने त्रिज्येत सव्वा मीटराचाच फरक पडतो. दोरी दुप्पट केली की चूक चौथ्या हिश्शावर येते.

यावरून जो धडा मिळतो तो रेल्वेपुरता मर्यादित नाही. तीन बिंदू परस्परांपासून होता होईल तितके दूर घ्यावेत. समीकरण सोडविण्याची रीत कितीही निर्दोष असली तरी चुकीच्या जागी निवडलेल्या बिंदूंचा दोष ती घालवू शकत नाही. मात्र बिंदू दूर घेण्यालाही मर्यादा आहे. दोरी फार लांब घेतली तर वळणातील लहान लहान बिघाड तिच्या टोकांमध्ये दडून राहतात. दोरीची लांबी ठरविताना या दोन्ही गोष्टींचा मेळ घालावा लागतो.

चौथ्या बिंदूची साक्षही येथे आपोआप मिळते. पहिली, दुसरी व तिसरी खूण यांवरून एक शर मिळतो. दुसरी, तिसरी व चौथी यांवरून दुसरा. दोन्ही शर सारखे भरले तर चारही खुणा एकाच वर्तुळावर आहेत. अशा रीतीने सर्व वळणभर शर मोजीत गेल्यास, ज्या खुणेपाशी शर एकाएकी वाढला किंवा घटला तेथे रूळ आपल्या जागेवरून सरकला आहे हे कळते. सरळ मार्ग जेथे वळणाला मिळतो तेथे मात्र शर शून्यापासून क्रमाक्रमाने वाढत जावा, अशी आखणी मुद्दामच केलेली असते. तो बिघाड नव्हे.

मोजलेले बिंदू तीनाहून पुष्कळ अधिक असतील आणि प्रत्येकात थोडी थोडी चूक असेल, तर सर्वांतून नेमके जाणारे वर्तुळ बहुधा नसते. अशा वेळी सर्वांच्या शक्य तितके निकट जाणारे वर्तुळ निवडतात. प्रत्येक बिंदूच्या बाबतीत पडणाऱ्या फरकाचा वर्ग करावा, आणि त्या वर्गांची बेरीज किमान होईल असे वर्तुळ घ्यावे, असा यामागील विचार आहे. या रीतीला ‘लघुतम वर्गांची रीत’ म्हणतात. फ्रेंच गणितज्ञ लजांद्र याने ती १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षा काढण्याच्या संदर्भात प्रसिद्ध केली.

१०. समारोप

तीन बिंदू दिले की वर्तुळ ठरते. त्याचे समीकरण तीन एकघाती समीकरणे सोडवून मिळते, आणि ते सोडविणे शाळेतील विद्यार्थ्यालाही कठीण नाही. खरे कौशल्य त्याच्या आधी आणि नंतर लागते. आधी बिंदू नीट निवडावे लागतात, आणि नंतर चौथ्या बिंदूने उत्तराची परीक्षा घ्यावी लागते. वळणावरून गाडी निर्धास्तपणे जाते तेव्हा उन्हातान्हात दोरी धरून खुणेखुणेला शर मोजणाऱ्या माणसांनी ही दोन्ही कामे मनापासून केलेली असतात.

अभ्यासासाठी

(१) (४, १४), (११, ७) आणि (−६, −१०) या बिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचे समीकरण काढा. (उत्तर : क्ष² + य² + २क्ष − ४य − १६४ = ०; केंद्र (−१, २), त्रिज्या १३.)

(२) (−१३, −३) आणि (−१२, ९) यांपैकी कोणता बिंदू वरील वर्तुळावर आहे? दुसरा बिंदू वर्तुळाच्या आत आहे की बाहेर? (उत्तर : पहिला वर्तुळावर आहे, दुसरा बाहेर आहे.)

(३) फुटलेल्या बशीच्या काठाचा एक तुकडा घ्या. त्याची कडा आलेखपत्रावर उतरवून तिच्यावरील तीन बिंदू निवडा, आणि मूळ बशीचा व्यास काढा. प्रथम बिंदू जवळजवळ घ्या, नंतर दूर दूर घ्या, आणि दोन्ही उत्तरांची तुलना करा. उत्खननात सापडलेल्या खापरांच्या काठावरून मूळ भांड्याचा व्यास अजमावण्याच्या पुरातत्त्वज्ञांच्या कामामागे हेच तत्त्व आहे.